एका मैत्रिणीचे किती शेवट

“साखर मागून इचार. आधी हिला कुणी धाडलं ते इचार.”

आवाज स्वयंपाकघरातून आला. दबका होता, पण बाहेर बसलेल्या माणसाला नीट ऐकू जाईल एवढा. चहाचं विचारायला निघालेल्या सुनंदाकाकू दारातच थांबल्या आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसल्या. मीही हसले. अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला अजून माहीत नाही. मी समोरच्या भिंतीवरच्या बुद्धाकडे आणि त्याच्या शेजारच्या बाबासाहेबांकडे बघत राहिले.

मग सुनंदाकाकूंच्या सासूबाई स्वतःच बाहेर आल्या. कौतिकाबाई. पंच्याऐंशीच्या आसपास वय, ताठ पाठ, पांढरं लुगडं आणि डोळ्यांवर काळा चष्मा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तो महिनाभर घालायला सांगितला होता. आपण कुठं बघतोय ते समोरच्याला कळत नाही, हा त्यातला फायदा लक्षात आल्यावर त्यांनी तो उतरवलाच नाही. हातात स्टीलचा पेला होता, काठोकाठ भरलेला. तो माझ्या हातात देऊन त्या तिथंच उभ्या राहिल्या.

माझ्या बॅगेत माझी पाण्याची बाटली होती. माझ्या वयाच्या सगळ्यांच्याच असते. पण ती काढायची, ‘नको, माझ्याकडे आहे’ म्हणायचं, एवढंही मला अनोळखी घरात जमत नाही. मी पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

“आडनाव काय तुहं?”

मी सांगितलं.

“कुठले?”

“बिडकीनजवळचे. आता इथंच, मागच्या गल्लीत.”

“म्हंजी पाटलाची पोरगी,” त्या सुनेला म्हणाल्या, मी तिथं नसल्यासारखं. “पाणी तर पेली.” आणि मग मला, “साखर किती?”

त्या दिवशी मी एक परीक्षा दिली आणि केवळ भिडस्तपणामुळे पास झाले, हे मला पुढं बऱ्याच महिन्यांनी कळलं.

निनाद मात्र नापास झाला. निनाद पुण्याहून आला होता, फिल्म करायला. हैदराबाद संस्थानात भारताचं सैन्य शिरलं त्या वेळची गोष्ट. आमच्या मराठवाड्यातली जुनी माणसं त्याला नुसतं ‘ॲक्शन’ म्हणतात. त्या लढाईच्या दिवसांत आठ-नऊ वर्षांच्या असलेल्या दोन मैत्रिणी, एक वेशीबाहेरच्या वस्तीतली आणि एक मुसलमान, यांच्यावर त्याला फिल्म करायची होती. पहिली मैत्रीण म्हणजे कौतिकाबाई. त्यांच्या मुलाने, प्रकाशकाकांनी, कुठल्याशा कार्यक्रमात ‘आमच्या आईनं ते सगळं पाहिलंय, तिची एक मैत्रीण होती’ असं सांगून टाकलं होतं आणि ते निनादच्या कानावर गेलं. तेव्हापासून आजी मुलाला फितूर म्हणत. “फितुराला वाढ गं,” असं सुनेला सांगत, आणि प्रकाशकाका मुकाट्याने पाटावर येऊन बसत.

माझं काम सोपं होतं. निनाद आजींना बोलतं करणार, मी ते रेकॉर्डिंग घरी नेऊन ऐकणार आणि इंग्रजी सबटायटल लिहिणार. इंग्रजी शाळेत शिकलेली, वर आजींची बोली कळणारी, वर दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. त्याला मी आयती सापडले. हेडफोन लावून एकटीनं बसायचं काम म्हणून मलाही ते आवडलं.

शूटिंगच्या पहिल्याच दिवशी निनादने सीलबंद पाण्याच्या बाटल्यांचा खोका आणला. कॅमेरावाला, साउंडवाला, तो स्वतः, सगळे येऊन बसले, बाटल्या उघडल्या आणि पाणी प्यायले. आजींनी भरून आणलेल्या पेल्यांचं ताट टीपॉयवर तसंच राहिलं. निनादच्या मनात काही नव्हतं, हे मी आजही सांगेन. मागच्या कामाच्या वेळी कुठल्यातरी गावात पाण्याने त्याचं पोट बिघडलं होतं, एवढंच. पण आपलं पाणी आपल्यासोबत घेऊन दारात येणारा माणूस आजींनी लहानपणापासून पाहिला होता. त्यांनी ताट उचललं आणि पेल्यांतलं पाणी एकेक करून कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं. त्यानंतर त्या निनादशी फार गोड बोलायला लागल्या. आजी ज्याच्याशी गोड बोलत, त्याच्यावर त्यांचा विश्वास उरलेला नसे.

त्यांच्या संशयाला शिस्त होती. बेल वाजली की त्या दाराकडे न जाता जिन्याच्या खिडकीत जात आणि आधी वरून माणूस बघत. घराबाहेर पडताना गॅसचा रेग्युलेटर काढून पिशवीत घालत. एकदा दवाखान्यात औषधाची चिठ्ठी शोधताना त्यांनी तो डॉक्टरांच्या टेबलावर काढून ठेवला होता. आणि कुरिअरवाल्याला त्या ओटीपी आधी चुकीचा सांगत.

“हा नाही लागत, आजी.”

“नाय लागत? नीट पाह्य.”

“नाही लागत ना.”

“हां. मग तू खरा हाईस.” आणि मग खरा आकडा सांगत. “खोटा राह्यला असता तर कसलाबी आकडा घेऊन पळाला असता.”

कॉलनीत येणाऱ्या पोरांना हे पाठ झालं होतं. आजींनी सांगितलेला पहिला आकडा ते टाकतच नसत. ‘नाही लागत’ म्हणून वाट बघत उभे राहत.

“आजी, खरं आधी सांगितलं तर काय बिघडतं?” मी एकदा विचारलं. तोवर त्यांच्याशी मी थोडं बोलायला लागले होते.

“खरं कुठं पळून चाललंय? ते मागून बी सांगता येतं. खोट्याला आधी पुढं धाडायचं, वाट पाह्यला.”

कॉलरला लावायच्या माइकवर त्यांचा विशेष राग होता. “हे बंद केल्यावर बी ऐकतं काय?” त्या रोज विचारत. साउंडवाला रोज ‘नाही, आजी’ म्हणे. एकदा चहाच्या सुट्टीत त्यांनी तो माइक काढला, नॅपकिनमध्ये गुंडाळला आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात घालून वर झाकण दाबलं. हे मला घरी रेकॉर्डिंग ऐकताना कळलं. झाकणाचा आवाज, मग पिठातली जाड शांतता, आणि मग लांबून, विहिरीतून आल्यासारखा आजींचा आवाज: “हां, आता बोल, सुनंदा.” म्हणजे आजींचा संशय बरोबर होता; ते ऐकत होतं. सुनंदाकाकू मेथी महाग झाल्याचं बोलल्या, निनाद किती दिवस येणार ते बोलल्या, आणि मग आजी म्हणाल्या, “ती पाटलाची पोरगी बोलत नाय, पर पाहती लई. तिच्यावर ध्यान ठेव.”

तेवढा तुकडा मी सबटायटलमध्ये घेतला नाही. कुणाला सांगितलंही नाही.

मैत्रिणीचं नाव जैबुन. तिच्याबद्दल बोलताना आजींचा आवाज लहान व्हायचा. गावच्या विहिरीला त्यांच्या वस्तीतल्या कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. जैबुनच्या घरामागं आड होता. जैबुन पोहरा ओढायची आणि कौतिकाच्या ओंजळीत धार धरायची.

“पर सोता पेयाच्या आधी खाली बसायची,” आजी सांगत होत्या. “उभ्यानं पेली की तिची अम्मी रट्टा द्यायची. बसायचं अन् तीन दमात प्यायचं. एक दम, थांबायचं. दुसरा दम, थांबायचं. मला हसू यायचं. मी म्हणायचे, जैबे, म्हैस बी एका दमात पेती गं.”

विमानाचंही त्यांनी सांगितलं. “आम्ही दोघी बाजरीत व्हतो. लई खालून आलं. आम्ही विमान काय असतं ते पाह्यलंच नव्हतं. जैबुन म्हणली, कोणाचं तरी वऱ्हाड चाललंय वरून. मग आम्ही हात हलवले. तिनं ओढणी काढून हलवली. म्हणली, पाह्य, नवरदेव बी हात हलवून राह्यला.”

हा प्रसंग निनादने फार सुंदर चित्रित केला. सिल्लोडच्या शाळेतल्या दोन मुली घेतल्या, एका शेतकऱ्याच्या बाजरीत त्यांना पळवलं. पळताना त्या इतक्या हसत होत्या की शूटिंग थांबवावं लागलं.

त्यानंतरचं आजी एका वाक्यात सांगत. “मग एका सकाळी जैबुनच्या गल्लीत एक बी चूल पेटली नाय.” कुणी काय केलं, कोण आलं होतं, कोण मेलं, याच्यावर निनादने किती प्रश्न विचारले. आजी गोड हसून म्हणत, “म्या लहान व्हते, बाळा.”

आणि जैबुनचं पुढं काय झालं?

पहिल्यांदा त्यांनी सांगितलं की तिचा मामा आला आणि तिला जालन्याहून रेल्वेने हैदराबादला घेऊन गेला. पंधरवड्याने परत विचारलं तर म्हणाल्या, तापानं गेली. कॅमेरावाल्याला सांगितलं, विहिरीत पडली. मला तर त्यांनी न विचारता, माइक लावलेला असतानाच, मटार सोलता सोलता सांगितलं की तिचं हैदराबादला बांगड्यांचं दुकान आहे आणि चार सुना आहेत. प्रत्येक वेळी इतकं बारीकसारीक सांगत की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. मामाच्या कानातला अत्तराचा फायासुद्धा मी इंग्रजीत उतरवला होता.

मला वाटायला लागलं की जैबुन नावाची कुणी मुलगी नव्हतीच. एकट्या वाढलेल्या मुली मनात मैत्रिणी तयार करतात. मी स्वतः शाळेत तसंच करत होते. आजींनी तेच केलं असेल आणि आता पुण्याची माणसं कॅमेरा घेऊन आली म्हणून त्यांना ती निस्तरता येत नसेल. मी त्यांच्या बोलण्यातल्या विसंगती शोधू लागले. त्या मला पारखत होत्या आणि मी त्यांना. चहा मात्र रोज होत होता.

एप्रिलमधल्या एका दुपारी मी एका शब्दाचा अर्थ विचारायला गेले होते. तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. आजींची धाकटी बहीण, शांतामावशी, देवगाव रंगारीहून आल्या होत्या. नातू त्यांना सोडून तसाच बाजारात गेला. शांतामावशी म्हणजे आजींच्या अगदी उलट. गोल चेहरा, ढिला अंबाडा, कुणाशीही लगेच हसून बोलणाऱ्या. दोन्ही हातांत पिशव्या, घामाने डबडबलेल्या. सुनंदाकाकूंनी दारातच पाणी पुढं केलं.

शांतामावशींनी पिशव्या खाली ठेवल्या. पायरीवर बसल्या. पदर सारखा केला, पेला घेतला, थोडं पाणी प्यायल्या आणि पेला ओठांपासून दूर केला. श्वास घेतला. पुन्हा थोडं प्यायल्या, पुन्हा थांबल्या. मग उरलेलं संपवलं.

यात काही नव्हतं. उन्हातून आलेली म्हातारी बाई बसणारच. माझे आजोबाही बसूनच पाणी प्यायचे, आणि घोट घोट पी, ठसका लागेल, असं आपण लहान मुलांना सांगतोच. मी हे सगळं स्वतःला सांगत होते. पण मी तो आठवडाभर तेच रेकॉर्डिंग ऐकत होते, आणि माणूस पाणी कसं पितो ते बघायची सवय मला त्याच घरात लागली होती.

मी मान वर केली. कौतिकाबाई आतल्या दारात उभ्या होत्या. काळ्या चष्म्याचं तोंड बहिणीकडे नव्हतं, माझ्याकडे होतं.

“काय पाह्यलं?”

“काही नाही, आजी.”

“काहीच नाय?”

मला खोटं बोलता येत नव्हतं, म्हणून मी गप्प राहायला शिकले आहे.

“वर चल,” त्या म्हणाल्या. “कुरडया उलटायच्यात. फोन खालीच ठेव.”

गच्चीवर जुन्या लुगड्यावर कुरडया वाळत होत्या. आम्ही दोन टोकांना बसलो. आजी एकेक कुरडई उलटत बोलत होत्या आणि मध्येच जिन्याकडे बघत होत्या.

“आमची खरी शांती लहानपणीच गेली. मामाच्या गावाला व्हती, हगवण लागली. आमच्या गावाला कळायच्या आतच ॲक्शन झालं. जैबुन तीन दिस आमच्या कडब्यात व्हती. चौथ्या दिशी मायनं तिला बाहेर काढलं, तिचे केस इंचरले, शांतीचा परकर नेसवला, अन् मला म्हणली, ही कोण?”

त्यांनी एक कुरडई हातात तशीच धरून ठेवली.

“रोज इचारायची. भाकर थापता थापता एकदम माह्याकडं पाहायची. ही कोण? शांती. कोण शांती? माही बहीण. कोणाची पोरगी? तुही. जेवताना, दळताना, कवाबी. मी चुकले की पाठीत धपाटा. एकदा खेळता खेळता माह्या तोंडातून ‘जैबे’ गेलं. बाहेर लोक बसले व्हते. कोणी ऐकलं नाय, पर मायनं ऐकलं. मला आत नेऊन असं मारलं, असं मारलं, अन् मग माहं डोकं मांडीत घेऊन सोताच रडत बसली. मी बी रडत व्हते. तर ही मला म्हणती, तू कामून रडती गं? नाव तर माहं गेलंय.”

खालून शांतामावशींचा हसण्याचा आवाज आला. सुनंदाकाकूंना त्या कुणाच्यातरी लग्नातली गंमत सांगत होत्या.

“मग आम्ही ते गावच सोडलं. नव्या गावात आम्ही दोघी बहिणीच व्हतो. बाबासाहेबांनी धम्म घेतला तवा आमच्या बापानं बी घेतला. आम्ही दोघी एकाच वक्ताला पांढरं लुगडं नेसलो. तिचं लगीन झालं. नवऱ्याला ठाऊक नव्हतं, तसाच गेला तो. पोरांना ठाऊक नाय. फितुराला बी नाय. त्याला म्या मैत्रिणीचं सांगितलं तेवढंच, ते बी माही चूक. आता तिच्या नातवाचं लगीन ठरलंय.”

“आता कळलं तर काय होईल, आजी?” मी विचारलं. “इतकी वर्षं झाली.”

“काय बी नाय व्हनार. व्हय ना? तू शिकलेली, तुला तसंच वाटल. पर ‘काय बी नाय व्हनार’वर मला झोप येत नाय.” कुरडई त्यांनी हळूच खाली ठेवली. “तिला इचारलंय म्या. मी सांगू का, म्हणलं, आता तरी. तर म्हणली, अक्का, मला शांता म्हणूनच जाऊ दे.”

“मग मला का सांगितलं?”

“सांगितलं कुठं? तू पाह्यलंस. अर्धं पाह्यलेलं माणूस उरलेलं अर्धं दुसऱ्याला इचारत फिरतं. त्यापरीस पुरं घे अन् गप ऱ्हाय.”

विश्वास टाकल्यासारखं त्यात काहीच नव्हतं. हिशेब होता, आणि तो बरोबर होता. मी त्यानंतर कुणालाच काही विचारलं नाही.

आता हे लिहिते आहे, कारण त्या दोघीही गेल्या. पण त्यांची नातवंडं आहेत, म्हणून इथली नावं खरी नाहीत आणि गावंही ती नव्हेत. जिला बहीण म्हटलं आहे ती खरोखर बहीण म्हणूनच वाढली असं नाही, आणि जे पाणी म्हटलं आहे ते पाणीच होतं असंही नाही. वाचणारी सगळी माणसं चांगलीच असतील, पण त्यांना पाणी पिताना मी पाहिलेलं नाही.

निनादला शंका आली ती मेमध्ये. चारही शेवट त्याने ओळीने लावून पाहिले आणि मला फोन केला.

“ऋतुजा, आजी लपवताहेत. मैत्रीण जिवंत आहे. नसती तर आजींनी एकच शेवट सांगितला असता.”

“हं.”

“विचार कर ना. दोघी समोरासमोर, पंचाहत्तर वर्षांनी. आज, या दिवसांत. लोकांना हे बघायची किती गरज आहे! माझा एक पत्रकार मित्र आहे सिल्लोडला. तो गावोगाव विचारायला तयार आहे.”

“हं.”

“तू त्यांच्या घरी रोज जातेस. तुला काहीच जाणवलं नाही?”

“मी फक्त भाषांतर करते,” मी म्हणाले.

मग त्याने विचारलं की एका दिवसाच्या रेकॉर्डिंगमधला मिनिटभराचा तुकडा सबटायटलमध्ये का नाही. मी म्हटलं, पिठाचा डबा. त्याला ते खरं वाटलं नाही. त्या दिवसापासून मी पाठवलेलं भाषांतर तो दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्यायला लागला.

निनाद वाईट नव्हता. त्याची बाजू घेऊन मी बरेचदा स्वतःशी भांडले आहे. ती गोष्ट जगाला कळली असती तर कदाचित खरंच चार माणसांना बरं वाटलं असतं. पण ती चार माणसं देवगाव रंगारीत राहत नव्हती.

फिल्म तयार झाल्यावर निनादने ती आधी आमच्याच शहरात दाखवायचं ठरवलं, एका कॉलेजच्या हॉलमध्ये. आजी जाणार नाहीत असं मी धरून चालले होते. त्या तर शांतामावशींना घेऊन आल्या. सोबत नातू होता, पुढच्या महिन्यात लग्न असलेला, नवा शर्ट घातलेला.

“मावशींना का आणलं?” मी हळूच विचारलं.

“ऐकती व्हय ती? म्हणली, मला इमान पाहायचंय.”

त्या पहिल्या रांगेत बसल्या. आजी, शांतामावशी, नातू. मी बाजूच्या भिंतीला टेकून उभी होते. अंधार झाला. बाजरी आली, दोन मुली आल्या, वाऱ्याचा आवाज आला. विमान खालून गेलं आणि छोट्या जैबुनने लाल ओढणी काढून डोक्यावर फिरवली.

“लाल नव्हती ती,” शांतामावशी म्हणाल्या.

मोठ्याने नाही. पण हॉल शांत होता.

“काय, आजी?” नातवाने विचारलं.

“म्या सांगितलं व्हतं हिला,” आजी ताडकन म्हणाल्या. “हिरवी व्हती. या लोकांनी लाल घेतली. काय बी करतेत.”

नातू हसला आणि पुन्हा पडद्याकडे बघायला लागला. पण त्यांच्या मागच्याच रांगेत निनाद बसला होता, आणि त्याच्या शेजारी त्याचा सिल्लोडचा मित्र. निनादचं डोकं पडद्यावरून वळलं आणि शांतामावशींच्या पाठीवर थांबलं. उरलेला सगळा वेळ ते तिथंच राहिलं. स्वतःची फिल्म त्याने पाहिली नाही.

फिल्ममध्ये त्याने चारही शेवट ठेवले होते, एकापाठोपाठ एक. दिवे लागले, टाळ्या झाल्या, निनाद स्टेजवर गेला. त्याचा मित्र उभा राहिला.

“या चारपैकी खरा शेवट कुठला? ती मैत्रीण आज कुठं आहे?”

“आजीच सांगतील,” निनाद म्हणाला.

लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, “आजी, आता पाचवा सांगा!” आणखी हसू झालं. आजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनी इतकी वर्षं खोटं पुढं धाडून वाट मोकळी ठेवली होती, पण आज त्यांनी काहीही सांगितलं तरी या हॉलमध्ये कुणी मानणार नव्हतं. त्यांचं खोटं संपलं होतं.

मग शांतामावशींकडे बघत निनाद म्हणाला, “किंवा आपण ऋतुजाला विचारू. हिने प्रत्येक शब्द ऐकलाय. हिने कधी एक ओळसुद्धा पदरची घातली नाही.” आणि त्याने माइक खाली माझ्याकडे पाठवला.

माइक हातोहात आला. शाळेत प्रार्थनेच्या वेळी माइक दिसला तरी मी रांगेत मागं सरकायचे. आता मागं भिंत होती. सगळा हॉल माझ्याकडे वळला होता. नातूसुद्धा, कुतूहलाने, तोंडावर अजून मघाचं हसू. शांतामावशी जागेवर जराशा पुढं सरकल्या होत्या, उठून काही बोलायचं असल्यासारख्या. कौतिकाबाईंनी त्यांच्याकडे न बघता आपला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि दाबून धरला. शिरा उठलेला, हळदीचे डाग पडलेला हात. त्यानंतरही मी त्यांना बरेचदा भेटले, पण मला त्या अशाच आठवतात. बहिणीला बसवून ठेवणाऱ्या, समोर बघणाऱ्या, कुणाकडूनही कसलीच अपेक्षा न धरलेल्या.

मी माइक तोंडाजवळ नेला. माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला.

“जैबुन त्याच थंडीत तापानं गेली. आजी मला तिथं घेऊन गेल्या होत्या. तिला पुरलं ती जागा आता तलावाखाली आहे.”